खेळ आपला, इंजिन कोणाचे?

घराघरांत आज एकच तक्रार ऐकू येते. मुलगा तासन्‌तास मोबाईलवर गेम खेळतो, मुलगी जेवतानाही फोन खाली ठेवत नाही. तक्रार खोटी नाही. पण याच मुलांमध्ये एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी असते, की तिला खेळता खेळता वेगळाच प्रश्न पडतो. हा खेळ तयार कसा होतो? पडद्यावरचा माणूस उडी मारल्यावर पुन्हा खाली कसा येतो? असे काही मलाही करता येईल का?

असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'आधी अभ्यास कर' म्हणून गप्प बसवू नये. ते मूल अभ्यासाचाच प्रश्न विचारीत आहे. उडी मारलेला माणूस खाली येतो त्यामागे शाळेच्या पुस्तकातले गुरुत्वाकर्षण आहे. चेंडू भिंतीवर आपटून कोणत्या कोनात परत जाईल, हे गणित आहे. खेळातली गोष्ट रचणे ही भाषा आहे, आणि चित्रे काढणे ही कला आहे. गेम तयार करणे म्हणजे या सर्व विषयांची एकत्र परीक्षा देणे होय.

पालकांनी एक फरक मात्र नीट समजून घ्यावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि गेम तयार करण्याचे शिक्षण वेगळे. पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्या खेळांनी संसार उद्ध्वस्त केले म्हणून या कलेलाच जुगार समजणे बरोबर होणार नाही.

तर असे मूल गेम तयार करायला बसते आणि पहिल्याच दिवशी अडते. इंजिन कोणते घ्यावे? मित्र एक नाव सांगतो, क्लासची जाहिरात दुसरे सांगते, यूट्यूबवरचे गुरुजी तिसरे सांगतात. वरवर हा किरकोळ प्रश्न वाटतो. पण एकदा इंजिन धरले की पुढची दोन-तीन वर्षे त्यातच जातात. रात्री जागून केलेले काम, क्लासची फी आणि लॅपटॉपचा हप्ता, सगळे त्या एका निवडीवर उभे राहते. म्हणून कोणी सांगितले एवढ्यावरून इंजिन निवडू नये. ते कसे निवडावे, याचा विचार येथे करू.

इंजिन म्हणजे काय?

स्वयंपाक करणारे माणूस रोज नवी चूल घालीत नाही. चूल एकदाच घातली जाते, मग तीवर भाकरी भाजायची की कालवण करायचे ते आपण ठरवतो. गेमचे इंजिन म्हणजे अशी तयार चूल. पडद्यावर चित्र उमटवणे, आवाज वाजवणे, बोट कोठे टेकले ते ओळखणे, दोन वस्तूंची टक्कर झाली की नाही ते पाहणे, वस्तू खाली पाडणे आणि शेवटी तयार खेळ फोनवर किंवा संगणकावर चालेल अशा रूपात बांधून देणे, ही कामे प्रत्येक खेळात लागतात. ती सर्व ज्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच करून ठेवलेली असतात त्याला इंजिन म्हणतात. खेळाची कल्पना, नियम, पात्रे आणि गोष्ट मात्र आपणच द्यायची.

हा शब्द रूढ झाला तो १९९० नंतरच्या दशकात. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९३ साली 'डूम' हा खेळ काढला. त्यात खेळ चालवणारा भाग आणि खेळातील चित्रे, नकाशे, आवाज हे भाग वेगवेगळे ठेवले होते. त्यामुळे तोच चालवणारा भाग वापरून दुसरा खेळ करता येऊ लागला. पुढे याच कंपनीच्या 'क्वेक' या खेळाचे इंजिन परवान्याने घेऊन आणि त्यात बदल करून व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ साली 'हाफ-लाइफ' हा गाजलेला खेळ तयार केला. इंजिन ही स्वतंत्र विकण्याजोगी वस्तू आहे, हे तोवर सर्वांच्या ध्यानात आले होते.

विकण्याजोगी वस्तू झाली की तिचा मालक असतो. मालक असला की अटी असतात. आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे.

तीन मोठी नावे

आज नव्या माणसाच्या कानावर प्रामुख्याने तीन नावे पडतात.

पहिले युनिटी. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात तीन तरुणांनी एक छोटा खेळ काढला, तो चालला नाही. पण तो करताना तयार झालेले साधन चांगले होते. तेच त्यांनी २००५ साली युनिटी या नावाने बाजारात आणले. फोनवरच्या खेळांसाठी हे इंजिन फार पसरले. 'पोकेमॉन गो', 'अमंग अस', 'हॉलो नाइट' हे खेळ याच इंजिनावर झालेले आहेत. यात सी शार्प ही भाषा वापरतात. गेल्या बारा महिन्यांत दोन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी याची एक आवृत्ती मोफत आहे. त्यापुढे माणशी वार्षिक वर्गणी भरावी लागते.

दुसरे अनरिअल. टिम स्वीनी या तरुणाने कॉलेजात असताना आईवडिलांच्या घरातून १९९१ साली कंपनी सुरू केली. तीच आजची एपिक गेम्स. तिच्या 'अनरिअल' या १९९८ सालच्या खेळावरून इंजिनाला नाव पडले. हुबेहूब खरी वाटणारी त्रिमिती दृश्ये ही याची ताकद. सी प्लस प्लस ही भाषा यात चालते आणि ठोकळे जोडून आज्ञा देण्याची 'ब्लूप्रिंट' नावाची सोयही आहे. मार्च २०१५ पासून ते मोफत मिळते. खेळाची एकूण विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली, तर वरच्या रकमेवर साधारणपणे पाच टक्के रॉयल्टी द्यावी लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटाने 'राजी' हा खेळ याच इंजिनावर तयार केला आणि तो २०२० साली जगभर विकला गेला. मोठी त्रिमिती कामे फक्त परदेशातच होतात, असे समजण्याचे कारण नाही.

तिसरे गोडो. हे अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोघांनी घडवले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. खुले म्हणजे केवळ फुकट नव्हे. इंजिन ज्या आज्ञांनी बनले आहे त्या सर्व कोणीही वाचाव्यात, बदलाव्यात, त्यावर खेळ करून विकावा, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. रॉयल्टी नाही, वर्गणी नाही. खेळासोबत परवान्याचा मजकूर जोडावा एवढीच अट. जगभरचे लोक मिळून ते वाढवतात आणि त्याच्या देखभालीचा खर्च देणग्यांतून चालतो. 'ब्रोटॅटो' आणि 'डोम कीपर' हे खपलेले खेळ याच इंजिनावरचे आहेत.

याशिवाय लहान साधने पुष्कळ आहेत. नेदरलँड्सचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ साली सुरू केलेले गेममेकर आजही चालू आहे. 'अंडरटेल' हा २०१५ सालचा प्रसिद्ध खेळ त्यावर झाला. विक्रीसाठी नसलेल्या कामाला ते २०२३ पासून मोफत आहे, आणि विकायचे असेल तर एकदाच ९९ डॉलर भरायचे. गोष्ट सांगणाऱ्या, संवादांच्या खेळांसाठी रेनपाय हे खुले साधन आहे. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये काढलेले स्क्रॅच आहे. तेही मोफत असून त्यात रंगीत ठोकळे जोडून खेळ करता येतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वरच्या तीन इंजिनांत ढकलण्यापेक्षा स्क्रॅच देणे शहाणपणाचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये काय घडले?

आता मालक आणि अटी या प्रश्नाकडे येऊ.

दिनांक १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी कंपनीने एक घोषणा केली. १ जानेवारी २०२४ पासून, ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळांना प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे कंपनीला पैसे द्यावे लागतील. विक्रीमागे नव्हे, इन्स्टॉलमागे. मोफत किंवा स्वस्त परवाना वापरणाऱ्यांसाठी मर्यादा अशी होती : बारा महिन्यांत दोन लाख डॉलर उत्पन्न आणि आजवर दोन लाख इन्स्टॉल. त्यापुढे अमेरिका, ब्रिटन अशा देशांतील प्रत्येक इन्स्टॉलला वीस सेंट. इतर अनेक देशांसाठी दर कमी होता.

हिशेब करून पाहा. एका छोट्या गटाचा खेळ फुकट वाटला जातो आणि जाहिरातींतून वर्षाला दोन लाख डॉलर येतात. मर्यादेनंतर त्या देशांत आणखी दहा लाख लोकांनी तो उतरवून घेतला, तर वीस सेंटप्रमाणे दोन लाख डॉलर होतात. म्हणजे आले तेवढे गेले! महागडा परवाना घेतला तर मर्यादा वाढत होती, पण तो खर्चही वेगळाच. शिवाय ही अट आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही लागू होणार होती. घर बांधून झाल्यावर विटेमागे भाडे मागावे, तसा हा प्रकार होता.

जगभर संतापाची लाट उठली. 'स्ले द स्पायर' या खेळाच्या कर्त्यांचे पुढच्या भागाचे पुष्कळ काम युनिटीवर झाले होते. निर्णय मागे घेतला नाही तर आम्ही दुसऱ्या इंजिनावर जाऊ, असे त्यांनी जाहीर केले आणि पुढे तो खेळ खरोखरच गोडोवर नेला. 'टेरारिया' या खेळाच्या कंपनीचा मुख्य खेळ युनिटीवर नव्हता. तरीही तिने गोडो आणि एफएनए या दोन खुल्या साधनांना प्रत्येकी एक लाख डॉलरची देणगी दिली आणि दरमहा एक हजार डॉलर देण्याचे ठरवले.

दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला कंपनीने अटी बऱ्याच सौम्य केल्या. मोफत आवृत्तीवाल्यांना शुल्क नाही, जुन्या आवृत्त्यांवर केलेल्या खेळांना शुल्क नाही, असे ठरले. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिचितिएलो पायउतार झाले. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये, बरोबर एक वर्षानंतर, नव्या प्रमुखांनी हे शुल्क पूर्णपणे रद्द केले. मात्र त्याच वेळी मोठ्या परवान्यांची वर्गणी वाढवली.

शुल्क रद्द झाले, मग ही जुनी कथा कशासाठी सांगायची? कारण तिच्यातला धडा रद्द झालेला नाही. एका सकाळी एक कंपनी हजारो लोकांच्या कामाचा हिशेब एकतर्फी बदलू शकते, हे त्या दिवशी उघड झाले. लोकांनी एकत्र आवाज उठवला म्हणून निर्णय मागे गेला, हेही तितकेच लक्षात ठेवावे. आणखी एक गोष्ट आहे. २०१९ मध्ये असाच एक वाद झाला होता, तेव्हा युनिटीने आपल्या अटींच्या जुन्या-नव्या प्रती सर्वांना पाहता येतील अशा जागी ठेवल्या होत्या. ती जागा २०२२ मध्ये काढून टाकलेली होती. तेव्हा ज्या अटींवर आपण काम सुरू केले, त्यांची तारखेसह प्रत आपल्याजवळ ठेवणे, ही घरात सातबारा आणि पावत्या जपून ठेवण्याइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

साधन बंद पडले तर?

अटी बदलणे हा एक धोका. साधनच बंद पडणे हा दुसरा.

अडोबी कंपनीच्या फ्लॅशवर एके काळी वेबसाइटवरचे हजारो छोटे खेळ चालत. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला निरोप दिला आणि जानेवारी २०२१ पासून ते खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या साधनाचेही असेच झाले. २०१३ मध्ये त्याची पुढची वाढ थांबल्याचे जाहीर झाले. एरिक बॅरन हा अमेरिकन तरुण त्या वेळी एकटा बसून एक्सएनएवरच शेतीचा एक खेळ करीत होता. चार-साडेचार वर्षांच्या कामानंतर २०१६ मध्ये तो 'स्टारड्यू व्हॅली' या नावाने निघाला आणि जगभर लोकप्रिय झाला. साधन थांबले तरी तो बुडाला नाही. कारण एक्सएनएशी जुळणारे मोनोगेम हे खुले साधन लोकांनी तयार केलेले होते, आणि पुढे खेळ त्यावर नेता आला.

या दोन उदाहरणांतला फरक महत्त्वाचा आहे. साधन ज्या आज्ञांनी बनते त्या लोकांच्या हाती असतील, तर कंपनी निघून गेली तरी काम पुढे चालते. त्या कुलपात असतील, तर मालकाने कुलूप लावले की आपण बाहेर.

खुले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही

मग सर्वांनी डोळे मिटून गोडोच घ्यावे का? तसेही नाही. त्याच्याही उणिवा पाहिल्या पाहिजेत.

प्लेस्टेशन, निन्टेंडो यांसारख्या खेळयंत्रांचे तांत्रिक तपशील गुप्त ठेवण्याचा करार असतो. ते तपशील खुल्या इंजिनात घालता येत नाहीत. म्हणून गोडोवरचा खेळ त्या यंत्रांवर न्यायचा तर दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते किंवा स्वतः खटपट करावी लागते. खूप मोठ्या, हुबेहूब त्रिमिती दृश्यांत अनरिअल पुढे आहे. आणि नोकरीच्या जाहिराती वाचल्या तर त्यांत बहुधा युनिटी किंवा अनरिअलचीच मागणी असते. ज्याला शिकून दोन वर्षांत नोकरी पाहिजे, त्याने हे डोळ्याआड करू नये. घर चालवण्याची जबाबदारी अंगावर असलेल्या तरुणाला 'खुले ते चांगले' एवढे सांगून भागत नाही.

दुसऱ्या बाजूने, मोठ्या इंजिनानेच मोठा खेळ होतो हाही गैरसमज आहे. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा खेळ २०२४ मध्ये निघाला. तो एका माणसाने लव्ह नावाच्या छोट्या खुल्या साधनावर केला. जानेवारी २०२५ पर्यंत त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' हा खेळ आधी फेझर या मोफत साधनावर झाला, आणि व्याप वाढल्यावर २०२३ मध्ये युनिटीवर नेण्यात आला. म्हणजे आरंभ लहान साधनाने करून, गरज पडेल तेव्हा बदल करता येतो.

निवडण्यापूर्वी चार प्रश्न

इंजिन निवडण्यापूर्वी वहीत चार प्रश्न लिहावेत आणि समोर उत्तरे लिहावीत.

पहिला प्रश्न : मला कोणता खेळ करायचा आहे? एका बाजूने दिसणारा, सपाट चित्रांचा खेळ असेल तर गोडो किंवा गेममेकर पुरे. गोष्ट आणि संवाद असतील तर रेनपाय. फोनवरचा त्रिमिती खेळ असेल तर युनिटी किंवा गोडो. सिनेमासारखी दृश्ये असतील तर अनरिअल. कोणता खेळ करायचा हेच ठरलेले नसेल, तर सर्वांत हलके साधन घ्यावे.

दुसरा प्रश्न : घरात कोणते यंत्र आहे? कागदावर जे फुकट आहे ते यंत्रामुळे महाग पडू शकते. अनरिअलच्या पाचव्या पिढीसाठी ३२ जीबी मेमरी आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असावे, अशी शिफारस आहे. ते उतरवून घ्यायलाही अनेक जीबी डेटा लागतो. युनिटीलाही काही जीबी जागा लागते. गोडो मात्र दोनशे एमबीपेक्षाही कमी डाउनलोडमध्ये येते, वेगळे इन्स्टॉल करावे लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालते. जुन्या लॅपटॉपवर सपाट चित्रांचा खेळ करायला ते पुरते. अँड्रॉइड टॅब्लेटवरही ते चालते. इंजिनासाठी कर्ज काढून नवा संगणक घेण्यापेक्षा, आहे त्या संगणकावर चालणारे इंजिन घ्यावे.

तिसरा प्रश्न : याचा मालक कोण आणि अटी काय? पैसे केव्हा द्यायचे, किती द्यायचे, आणि अटी बदलल्या तर जुन्या आवृत्तीवर राहता येते का? परवान्याचा मजकूर इंग्रजीत आणि किचकट असतो हे खरे. पण तो दोघा-तिघांनी मिळून, शब्दकोश जवळ घेऊन एकदा वाचावाच. न वाचता 'मान्य आहे' हे बटण दाबणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे होय.

चौथा प्रश्न आपल्यासाठी खास आहे : यात मराठी नीट उमटते का? हा प्रश्न परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण संगणकात ती अक्षरानंतर साठवलेली असते. जोडाक्षरांनाही जुळवून घ्यावे लागते. इंजिनात ही सोय नसेल तर 'विद्यार्थी' हा शब्द पडद्यावर मोडून पडतो. गोडोच्या तिसऱ्या पिढीत ही सोय नव्हती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून ती आली. अनरिअलमध्येही आहे. युनिटीत मजकुरासाठी सर्रास वापरले जाणारे टेक्स्टमेश प्रो हे साधन देवनागरी आपोआप जुळवीत नाही, त्यासाठी वेगळा उपाय करावा लागतो. तेव्हा कोणतेही इंजिन घेतले की पहिल्याच दिवशी त्यात 'विद्यार्थी', 'शक्ती', 'कर्तृत्व' हे शब्द लिहून पाहावेत. मराठीत खेळ करायचा असेल तर ही परीक्षा चुकवू नये.

सुरुवात कशी करावी?

चार उत्तरे लिहिल्यावर बहुधा दोन इंजिने उरतील. त्या दोघांमध्ये वाद घालीत बसू नये. वरून फळे पडतात आणि खाली टोपली सरकवून ती झेलायची, एवढाच एक खेळ दोन्ही इंजिनांत करावा. प्रत्येकाला दोन आठवडे द्यावेत. गुण मोजता आले पाहिजेत, आवाज आला पाहिजे, आणि शेवटी तो खेळ मित्राच्या फोनवर चालला पाहिजे. महिनाअखेर कोणत्या इंजिनात हात सहज चालतो ते स्वतःलाच कळेल. दुसऱ्याच्या शंभर सल्ल्यांपेक्षा हा एक अनुभव मोलाचा.

महागड्या क्लासच्या मागे लगेच लागू नये. गोडोची आणि अनरिअलची माहिती, तसेच युनिटीचे शिकवणीचे धडे मोफत मिळतात. ते बहुतांशी इंग्रजीत आहेत. पण एक मुलगा वाचतो, दुसरी समजावून सांगते, तिसरा करून पाहतो, असा वस्तीतला किंवा वसतिगृहातला तिघा-चौघांचा गट असेल तर इंग्रजीची भीती लवकर मोडते. एक चित्रे काढील, एक आवाज करील, एक आज्ञा लिहील. खेळ तयार करणे हे एरवीही एकट्यापेक्षा गटाने करायचे काम आहे.

काम करताना एक शिस्त पाळावी. चित्रे, आवाज आणि गोष्टीचा मजकूर इंजिनाच्या बाहेर, साध्या आणि सर्वत्र चालणाऱ्या फायलींच्या रूपात वेगळा जपून ठेवावा. उद्या इंजिन बदलावे लागले तर आज्ञा पुन्हा लिहाव्या लागतील, पण बाकीचे सर्व बरोबर नेता येईल. आठवड्याला एकदा सगळ्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. इंटरनेटवरून उचललेली चित्रे आणि गाणी परवानगीशिवाय वापरू नयेत. आपल्या श्रमाचा मान राहावा असे वाटत असेल तर दुसऱ्याच्या श्रमाचा मान ठेवला पाहिजे.

खेळ लोकांपुढे नेण्याचा खर्चही आधी माहीत असावा. इच.आयओ या ठिकाणी खेळ ठेवायला पैसे लागत नाहीत, म्हणून पहिला खेळ तेथेच ठेवावा. गूगल प्लेवर खाते काढायला एकदाच २५ डॉलर लागतात. शिवाय नव्या व्यक्तिगत खात्याला, खेळ सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस तो तपासून घ्यावा लागतो. स्टीमवर प्रत्येक खेळामागे १०० डॉलर. अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर. या दुकानांचा विक्रीतला वाटा वेगळा असतो, आणि तो इंजिनाच्या अटींखेरीज द्यावा लागतो. पहिल्या खेळाला पैसे मिळतील, ही आशा धरू नये. पहिला खेळ शिकण्यासाठी, दुसरा दाखवण्यासाठी असतो. विकण्याचा विचार त्यानंतर करावा.

पालकांनी काय करावे?

मुलाने वा मुलीने असे काही करायला घेतले, तर पालकांनी इंजिनाची नावे पाठ करण्याची गरज नाही. दर रविवारी एकच विचारावे, 'या आठवड्यात काय तयार झाले ते दाखव.' खेळत बसलेले मूल दाखवू शकणार नाही, तयार करणारे मूल दाखवील. मुलगी शिकत असेल तर लॅपटॉप आधी भावाला, उरलेल्या वेळात तिला, असे होऊ देऊ नये. दोघांची वेळ ठरवून द्यावी आणि ती पाळावी.

इंजिने येतील आणि जातील. आज ज्याचा बोलबाला आहे त्याच्या अटी उद्या बदलतील किंवा त्याचे नावही राहणार नाही. पण एका इंजिनात टक्कर कशी ओळखतात, गुण कसे मोजतात, चूक कशी शोधतात हे ज्याला नीट समजले, त्याला दुसरे इंजिन काही आठवड्यांत जमते. म्हणून साधन निवडताना त्याच्या मालकाकडे आणि अटींकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, आणि शिकताना साधनाच्या पलीकडचे ज्ञान घ्यावे. पुढच्या रविवारी वही उघडून ते चार प्रश्न लिहा आणि फळे झेलण्याच्या खेळाला आरंभ करा.